विश्लेषण : भोंगा वाजला की यंत्रे बंद! युक्रेनमध्ये युद्धकाळात वेल्डर, इलेक्ट्रिशियन कसे घडतात?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये शिरले, तेव्हा नववीत असलेल्या अनेक मुलांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्यवसाय शिक्षण देणाऱ्या विद्यालयांत नाव घातले. तीन वर्षांचा अभ्यासक्रम संपवून २०२५ च्या उन्हाळ्यात ती बाहेर पडली. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, ट्रॅक्टरचालक, स्वयंपाकी, शिवणकाम करणारे. प्रवेशापासून प्रमाणपत्रापर्यंतचा एकही दिवस युद्धाविना न गेलेली ही पहिली तुकडी. या मुलांनी नेमके काय शिकले, कुठे शिकले, आणि अठरा वर्षे पूर्ण होताच त्यांच्यापुढे काय वाढून ठेवले आहे, याविषयी...

युक्रेनमधील व्यवसाय शिक्षण कसे असते?

आपल्याकडील आयटीआय आणि बारावी एकत्र केली तर जे तयार होईल, साधारण तसे. नववीनंतर, म्हणजे पंधराव्या वर्षी विद्यार्थी प्रवेश घेतो. तीन वर्षांत त्याला एकीकडे गणित, इतिहास, भाषा हे शालेय विषय पूर्ण करावे लागतात आणि दुसरीकडे एखादा व्यवसाय शिकावा लागतो. शेवटी हाती दोन गोष्टी पडतात : माध्यमिक शिक्षण पूर्ण केल्याचा दाखला आणि ‘कुशल कामगार’ ही पदविका. पदविकेवर श्रेणी लिहिलेली असते. तिसऱ्या श्रेणीचा वेल्डर, चौथ्या श्रेणीचा वेल्डर असे. कारखान्यात कोणते काम मिळणार आणि पगार किती, हे बऱ्याच अंशी त्या आकड्यावर ठरते.

युद्धापूर्वी देशात अशा सुमारे सातशे संस्था आणि अडीच लाखांच्या आसपास विद्यार्थी होते. प्रतिष्ठा मात्र फारशी नव्हती. सोव्हिएत काळातील ‘पेटेऊ’ हे या संस्थांचे लघुनाव आजही टोमण्यासारखे वापरले जाते. ‘अभ्यास केला नाहीस तर पेटेऊत जाशील’ ही धमकी तिथल्या पालकांच्या तोंडी असते. आपल्याकडेही ‘मार्क कमी पडले, आयटीआयला घाला’ असे म्हटले जातेच. त्यात २०१६ पासून या संस्थांचा खर्च केंद्राकडून स्थानिक प्रशासनांकडे ढकलण्यात आला. ज्या जिल्ह्याची तिजोरी भरलेली, तिथे नवी यंत्रे आली. बाकी ठिकाणी सोव्हिएत काळातील लेथ तशीच फिरत राहिली. युद्ध येऊन आदळले ते या व्यवस्थेवर.

युद्ध सुरू होताच या संस्थांचे काय झाले?

पहिल्याच दिवसांत सरकारने देशभरातील शिक्षणसंस्थांना दोन आठवड्यांची सुट्टी जाहीर केली. मार्चच्या मध्यापासून शक्य तिथे ऑनलाइन वर्ग सुरू झाले. पण व्यवसाय विद्यालयांच्या इमारती रिकाम्या राहिल्या नाहीत. या संस्थांकडे वसतिगृह असते, मोठे स्वयंपाकघर असते, शिवणकामाची आणि वेल्डिंगची कार्यशाळा असते. लाखो लोक घरदार सोडून पश्चिमेकडे निघाले असताना याच गोष्टींची गरज होती. अनेक वसतिगृहांत विस्थापित कुटुंबे राहू लागली. पाककलेच्या वर्गांच्या भट्ट्यांवर त्यांच्यासाठी आणि सैनिकांसाठी जेवण शिजले. शिवणवर्गात कानटोप्या आणि चिलखती जाकिटांची कव्हरे शिवली गेली. वेल्डिंग शिकणाऱ्यांनी रस्ते अडवण्यासाठी लोखंडी रणगाडारोधक अडथळे आणि खंदकात ठेवण्याच्या लाकूड-शेगड्या बनवल्या.

शिक्षणाच्या हिशेबात हे कुठे बसवायचे, हा प्रश्न त्या वेळी कुणाला पडला नसावा. पण काही मुलांचे पहिले खरे प्रात्यक्षिक हेच ठरले.

प्रात्यक्षिक ऑनलाइन कसे होणार?

होत नाही. या साऱ्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. इतिहासाचा धडा मोबाइलवर शिकवता येतो. धातूचा कोणता तुकडा किती तापला, इलेक्ट्रोड किती अंतरावर धरायचा, जोड आतून पोकळ राहिला तर आवाज कसा येतो, हे हाताला आणि कानालाच कळावे लागते. त्यामुळे अनेक संस्थांनी वेळापत्रकच उलटे केले. आधी सगळी थिअरी ऑनलाइन उरकायची, प्रात्यक्षिके पुढे ढकलायची आणि परिस्थिती निवळेल तेव्हा सलग घ्यायची. परिस्थिती निवळली नाही, तेव्हा छोट्या गटांत ती घेण्यास सुरुवात झाली.

सप्टेंबर २०२२ पासून प्रत्यक्ष वर्ग भरवण्याची अट सोपी आणि कठोर होती : जितक्या जणांना तळघरातील आसऱ्यात जागा, तितक्यांनाच एका वेळी इमारतीत प्रवेश. म्हणजे वर्गाची क्षमता बाकांवरून नव्हे, तळघराच्या चौरस मीटरवरून ठरू लागली. ज्या संस्थेकडे तळघर नव्हते तिथे कार्यशाळा शाबूत असूनही बंद राहिली. जिथे होते तिथे मुले पाळ्यांत येऊ लागली.

त्यानंतर येतो भोंगा. हवाई हल्ल्याचा इशारा झाला की यंत्र बंद करायचे, वीजपुरवठा तोडायचा आणि खाली जायचे. इशारा वीस मिनिटांत संपू शकतो किंवा तीन तासही चालू शकतो. शाळेतील मुले आसऱ्यात बसून निदान पुस्तक उघडू शकतात. लेथवर चढवलेला अर्धवट कापलेला दंड तळघरात नेता येत नाही. आघाडीजवळच्या खारकीव्हमध्ये तर भोंगा आणि स्फोट यांत अंतरच उरत नसे. तिथे शाळकरी मुलांसाठी मेट्रो स्थानकांत वर्ग भरवण्यात आले, पुढे जमिनीखाली शाळा बांधण्यात आल्या. वेल्डिंगची कार्यशाळा अशी सहज जमिनीखाली नेता येत नाही. धूर बाहेर काढावा लागतो, गॅसचे सिलिंडर ठेवावे लागतात, मोठा वीजभार लागतो.

विजेचाही प्रश्न होताच. १० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने वीजकेंद्रे आणि उपकेंद्रांवर पद्धतशीर हल्ले सुरू केले. देशभर तासन् तास भारनियमन लागू झाले. संस्थेतील छोटा जनरेटर दिवे आणि वायफाय चालवतो. वेल्डिंगच्या यंत्रांची रांग त्यावर चालत नाही. गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, पण उपकेंद्रे दुरुस्त करायला जे इलेक्ट्रिशियन हवे होते, त्यांचेच शिक्षण वीज नसल्याने अडत होते.

जी विद्यालये रशियाच्या ताब्यातील भागात राहिली, त्यांची अवस्था आणखी वेगळी. त्यांपैकी अनेकांना कागदोपत्री ‘स्थलांतरित’ करण्यात आले. नाव, शिक्का आणि काही शिक्षक दुसऱ्या शहरात गेले. यंत्रे, कार्यशाळा आणि बरेचसे विद्यार्थी मागे राहिले. २०१४ मध्ये दोनेत्स्क आणि लुहान्स्कमध्ये हा अनुभव एकदा येऊन गेला होता. ताब्यातील भागातील प्रशासनाने दिलेली प्रमाणपत्रे युक्रेन मान्य करत नाही. त्यामुळे तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी वेगळी, सोपी प्रवेशप्रक्रिया ठेवावी लागली.

मग परीक्षा कशा झाल्या?

शालेय विषयांची राज्यस्तरीय अंतिम परीक्षा २०२२ पासून रद्दच करण्यात आली. उच्च शिक्षणासाठीची जुनी प्रवेश परीक्षा मोडीत काढून त्याच वर्षी संगणकावरील एकदिवसीय परीक्षा आणली गेली. पहिल्या वर्षी युक्रेनियन भाषा, गणित आणि इतिहास हे तीन विषय होते, २०२४ पासून त्यात निवडीचा चौथा विषय आला. परदेशात आसरा घेतलेल्या मुलांसाठी युरोपातील अनेक शहरांत केंद्रे उघडली. भोंगा वाजला तर परीक्षा थांबते, सगळे आसऱ्यात जातात, इशारा संपला की पुन्हा सुरू होते.

व्यवसायाच्या परीक्षेला मात्र असा पर्याय नाही. कुशल कामगार ठरण्यासाठी लेखी भागाबरोबर प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. जोड द्या, वायरिंग करा, कोट शिवून दाखवा. तो भाग रद्द केला तर पदविकेला अर्थ उरत नाही आणि घेतला तर तयारी अपुरी. २०२२ आणि २०२३ मध्ये बाहेर पडलेल्या तुकड्यांची आधीची वर्षे करोनाच्या टाळेबंदीत गेली होती, हेही लक्षात घ्यायला हवे. म्हणजे काही मुलांच्या वाट्याला तीन वर्षांतील सलग कार्यशाळा अशी जवळपास आलीच नाही. त्यांच्या हातातील श्रेणीचा आकडा आणि हातातील कसब यांत अंतर पडले असेल, तर तो दोष त्यांचा नाही. पण तो अंतराचा भाग कामाच्या पहिल्या दिवशी ठेकेदाराला दिसतोच.

वसतिगृहे हल्ल्यांच्या मध्यात कशी सापडली?

व्यवसाय विद्यालयाच्या मोठ्या इमारती आणि वसतिगृहे लष्करालाही सोयीची वाटतात. याचे सर्वात भीषण उदाहरण रशियाच्या ताब्यातील माकीव्हकाचे. २०२३ चे नववर्ष सुरू होता होता तेथील १९ क्रमांकाच्या व्यवसाय विद्यालयाच्या इमारतीवर युक्रेनने हायमार्स रॉकेट डागले. आत विद्यार्थी नव्हते, नव्याने भरती केलेले रशियन सैनिक होते. रशियाने ८९ जण ठार झाल्याचे मान्य केले. युक्रेनचा दावा त्याहून बराच मोठा होता. आठवडाभरात रशियाने याचा सूड म्हणून क्रामातोर्स्कमधील दोन वसतिगृहांत ६०० हून अधिक युक्रेनी सैनिक मारल्याची घोषणा केली. रॉयटर्सचे प्रतिनिधी तिथे पोहोचले तेव्हा त्या वसतिगृहांवर थेट मारा झाल्याची किंवा मनुष्यहानीची चिन्हे त्यांना दिसली नाहीत.

ऱ्झिश्चिव्हमध्ये मात्र हानी खरी होती. कीव्हच्या दक्षिणेला नीपर नदीच्या काठचे हे छोटे शहर. २२ मार्च २०२३ च्या पहाटे शाहेद ड्रोन तेथील व्यवसाय विद्यालयाच्या दोन वसतिगृहांवर आणि शिकवणीच्या इमारतीवर कोसळले. नऊ जणांचा मृत्यू झाला. जपानचे पंतप्रधान फुमिओ किशिदा आदल्याच दिवशी कीव्हला येऊन गेले होते आणि चीनचे अध्यक्ष क्षी जिनपिंग मॉस्कोचा दौरा आटोपत होते. जगाचे लक्ष त्या दोन भेटींकडे होते.

रशियातील याच वयाच्या मुलांचे काय?

रशियाच्या तातारस्तान प्रांतात, युक्रेनच्या सीमेपासून हजार किलोमीटरहून दूर, येलाबुगा येथे अलाबुगा हे विशेष आर्थिक क्षेत्र आहे. इराणी बनावटीच्या शाहेद ड्रोनची रशियन आवृत्ती ‘गेरान’ तिथे तयार होते. त्याच आवारात ‘अलाबुगा पॉलिटेक’ हे महाविद्यालय असून नववीनंतरची मुले तिथे शिकायला येतात आणि ड्रोन जुळणीच्या कामावर लावली जातात, हे रशियन शोधपत्रकारांनी २०२३ मध्ये उघड केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेने या क्षेत्रावर निर्बंध लादताना अल्पवयीन विद्यार्थ्यांच्या श्रमाचा उल्लेख केला. जुलै २०२५ मध्ये तर रशियाच्या लष्करी दूरचित्रवाहिनीनेच या कारखान्यात काम करणाऱ्या किशोरवयीनांची दृश्ये अभिमानाने दाखवली.

२ एप्रिल २०२४ रोजी युक्रेनने स्फोटके भरलेले एक छोटे विमान चालकाविना येलाबुगापर्यंत उडवले. ते तिथल्या वसतिगृहावर आदळले आणि डझनभर तरुण जखमी झाले. युद्धाच्या दोन्ही बाजूंना पंधरा ते अठरा वयाची, हाताने काम शिकायला घर सोडून आलेली मुले होती. एका बाजूला ती ड्रोनपासून लपत होती, दुसऱ्या बाजूला ड्रोन जोडत होती. वसतिगृह मात्र दोन्हीकडे फुटले.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर काय?

हाच या मुलांच्या घरातील सर्वात मोठा प्रश्न आहे. युक्रेनमध्ये मार्शल लॉ लागू झाल्यापासून १८ ते ६० वयोगटातील पुरुषांना, काही अपवाद वगळता, देश सोडता येत नव्हता. सक्तीच्या भरतीचे किमान वय २७ होते, ते एप्रिल २०२४ मध्ये २५ वर आणले गेले. म्हणजे अठराव्या वर्षी पदविका घेणाऱ्या मुलाला लगेच खंदकात पाठवले जात नाही. त्याच्याकडे सात वर्षे असतात. पण सीमा बंद असल्याने अनेक पालकांनी मुलगा सतरा वर्षांचा असतानाच त्याला पोलंड किंवा जर्मनीला धाडले. अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि पूर्ण होताना वय अठरा, या गणिताने कित्येकांनी शेवटचे वर्षच सोडले. पदविका की सीमा, यांपैकी एकाची निवड करावी लागली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने १८ ते २४ वयोगटासाठी स्वेच्छाभरतीची नवी योजना आणली. एक वर्षाच्या करारासाठी दहा लाख रिव्निया, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे वीस लाख रुपये. त्यातील दोन लाख रिव्निया सुरुवातीलाच. शिवाय बिनव्याजी गृहकर्ज. कारखान्यात नव्याने लागलेल्या वेल्डरला एवढी रक्कम साठवायला कित्येक वर्षे लागतील. गरीब घरातील मुले ज्या शिक्षणाकडे अधिक वळतात, त्यांच्यासमोर हा आकडा ठेवला गेला, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

त्यानंतर ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस सरकारने १८ ते २२ वयाच्या पुरुषांना सीमा ओलांडण्याची मुभा दिली. तरुणांचा देशाशी संबंध तुटू नये, ते शिकून परत यावेत, अशी त्यामागची मांडणी होती. प्रत्यक्षात पुढच्या काही आठवड्यांत पोलंड आणि जर्मनीत या वयाच्या युक्रेनी मुलांचे येणे झपाट्याने वाढले. तिथल्या कारखान्यांना आणि बांधकाम कंपन्यांना वेल्डर हवेच आहेत.

जी मुले मागे राहतात त्यांना काम मिळायला अडचण नाही. महत्त्वाच्या ठरवलेल्या उद्योगांनाही साधारणपणे आपल्या भरतीयोग्य कामगारांपैकी निम्म्यांनाच लष्करातून सूट मिळवून देता येते. त्यामुळे पंचविशीच्या आतील, सुटीची गरजच नसलेला कुशल कामगार मालकाला सोन्यासारखा वाटतो. एरवी ज्याला ‘अनुभव घेऊन ये’ म्हणून परत पाठवले असते, त्याला आज दारात उभे करून घेतात.

मुलींसाठी काय बदलले?

बरेच. २०१७ पर्यंत युक्रेनमध्ये साडेचारशेच्या आसपास कामे स्त्रियांना कायद्यानेच बंद होती. ती यादी त्या वर्षी रद्द झाली, पण कारखान्यांची आणि पालकांची सवय बदलली नव्हती. पुरुष आघाडीवर गेल्यावर ती बदलावी लागली. युद्धकाळात कोळसा खाणींत जमिनीखाली काम करण्याची मुभाही स्त्रियांना मिळाली. ट्रॅक्टर, ट्रक आणि बस चालवण्याचे, वेल्डिंगचे छोटे अभ्यासक्रम त्यांच्यासाठी सुरू झाले आणि त्यांत व्यवसाय विद्यालयांच्याच कार्यशाळा वापरल्या गेल्या. मोठ्या बायका शेजारच्या पाळीत तेच यंत्र शिकताना दिसू लागल्यावर मुलींनी शिवण आणि केशरचनेपलीकडे पाहणे थोडे सोपे झाले असावे.

युद्ध आणि व्यवसाय शिक्षण यांचे नाते जुने आहे का?

आहे, आणि ते याच भूमीत फार कठोर होते. २ ऑक्टोबर १९४० रोजी सोव्हिएत संघाने ‘राज्य श्रमिक राखीव दल’ उभारण्याचा हुकूम काढला. १४-१५ वर्षांच्या मुलांना दोन वर्षांच्या कारागिरी शाळांत, तर १६-१७ वर्षांच्यांना सहा महिन्यांच्या कारखाना शाळांत भरती करायचे, तेही सक्तीने. पुढच्याच वर्षी जर्मनीने हल्ला केला आणि यांतील असंख्य मुले उरल पर्वतापलीकडे हलवलेल्या कारखान्यांत रणगाडे आणि तोफगोळे बनवू लागली. रशियात २ ऑक्टोबर आजही व्यावसायिक शिक्षणाचा दिवस म्हणून पाळला जातो. युक्रेनमधील ‘पेटेऊ’ हे याच शाळांचे वंशज.

आपले आयटीआयही या इतिहासापासून फार लांब नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने १९४० पासून भारतात युद्धसामग्रीच्या कारखान्यांसाठी तंत्रज्ञ तयार करण्याची योजना राबवली. काही निवडक तरुणांना ‘बेव्हिन’ योजनेखाली ब्रिटनला प्रशिक्षणासाठी पाठवले. युद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. त्याच यंत्रणेतून १९५० मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना निघाली आणि देशातील पहिल्या पन्नासएक आयटीआय उभ्या राहिल्या. आज औंध किंवा नागपूरच्या आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड घेणाऱ्या मुलाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

आता पुढे काय?

जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रे, युरोपीय आयोग आणि युक्रेन सरकार यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये केलेल्या अंदाजानुसार देशाच्या पुनर्बांधणीसाठी दहा वर्षांत ५२४ अब्ज डॉलर लागतील. घरे, वीज, वाहतूक यांत तो पैसा ओतायचा तर गवंडी, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हवेत आणि पैसा आला तरी माणसे आयात करणे सोपे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये युक्रेनच्या संसदेने १९९८ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा नवा व्यावसायिक शिक्षण कायदा मंजूर केला. त्यात संस्थांना अधिक स्वायत्तता आणि कारभारात उद्योगांना स्थान देण्यावर भर आहे. युरोपीय संघ, जर्मनी, फिनलंड, पोलंड आणि एस्टोनिया २०१९ पासून एका संयुक्त कार्यक्रमातून कार्यशाळांना आधुनिक यंत्रे पुरवत आहेत. शिकता शिकता कारखान्यात काम करण्याची ‘दुहेरी’ पद्धतही वाढवली जात आहे, कारण अनेकदा कारखान्याकडे आसराही असतो आणि वीजही.

नव्या यंत्रांवर उभे राहायला मुले किती उरतील, ही खरी अडचण आहे. लाखो मुले परदेशातील शाळांत गेली आहेत, जन्मदर कोसळला आहे आणि घसरता पट सांभाळण्यासाठी काही विद्यालये आधीच एकमेकांत विलीन करण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये दाखल झालेल्या तुकडीतील मुले युद्ध सुरू झाले तेव्हा साधारण अकरा-बारा वर्षांची होती. त्यांचा अभ्यासक्रम २०२८ मध्ये संपेल. पहिल्या आठवड्यात त्यांना यंत्राचे भाग ओळखायला शिकवले जाते; त्याआधी, पहिल्या दिवशी, तळघराकडे जाणारा रस्ता दाखवला जातो.